नऊ टेस्लाला खाली गेलेली रेघ

माझ्या पीएचडीतली जवळजवळ दोन वर्षं दीड मिलिमीटर लांबीच्या एका खड्यात गेली. खडा नायोबियम फॉस्फाइडचा, काळपट, चकचकीत, अंगठीत बसवला तर सोनारसुद्धा विचारेल कुठून आणला म्हणून. आणि मोजायचं काय, तर त्याचा रेझिस्टन्स. बस्स, एवढंच. घरी सांगितलं तर आई म्हणाली, ते तर तुझ्या बारावीच्या प्रॅक्टिकलला पण होतं की. होतं खरं, पण तिथे ॲमीटर व्होल्टमीटर जोडले की उत्तर यायचं आणि ते उत्तर नक्की कुणाचं आहे, वस्तूचं की आपण जोडलेल्या वायरींचं, असा प्रश्न कुणाला पडायचा नाही.

मी लॅबमध्ये लागले 2016 च्या शेवटी. तेव्हा टोपॉलॉजी, म्हणजे वस्तू ताणली-वाकवली तरी न बदलणाऱ्या गुणांचं गणित, या शब्दाची नुसती हवा होती. त्याच वर्षी थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना त्यावरच फिजिक्सचं नोबेल मिळालेलं. त्याच्या आदल्या वर्षी प्रिन्स्टन आणि बीजिंगच्या ग्रुपांनी टँटलम आर्सेनाइडमध्ये वाइल फर्मिऑन दाखवले होते, म्हणजे हर्मन वाइल या गणितज्ञाने 1929 मध्ये कागदावर मांडलेला, वस्तुमान नसलेला कण. तो मोकळा असा कुठे सापडला नाही, सापडला तो एका क्रिस्टलच्या पोटात, इलेक्ट्रॉनच्या रूपात. आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूटमधून चंद्र शेखर वगैरे लोकांचा 2015 चा पेपर, नायोबियम फॉस्फाइड, 1.85 केल्विन (उणे 271 अंश सेल्सिअस), 9 टेस्ला (टेस्ला हे मॅग्नेटिक फील्डचं एकक), आणि रेझिस्टन्समध्ये वाढ साडेआठ लाख टक्के. सरांनी त्या पेपरची प्रिंट माझ्यासमोर टाकली आणि म्हणाले, "हा क्रिस्टल आपण पण वाढवू. पण आपण आडवी फील्ड नाही बघायची, सरळ बघायची."

आडवी आणि सरळ म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. करंट एका दिशेने जातोय आणि मॅग्नेटिक फील्ड त्याला काटकोनात लावली तर इलेक्ट्रॉन वळतात, गोल फिरायला लागतात, पुढे जायचं राहूनच जातं, म्हणून रेझिस्टन्स वाढतो. जितका इलेक्ट्रॉन चपळ तितकी वाढ जास्त, ढोबळमानाने मोबिलिटी (म्हणजे हीच चपळाई) गुणिले फील्ड आणि त्याचा वर्ग. हे समजायला टोपॉलॉजी लागत नाही. पण फील्ड करंटच्याच दिशेने लावली तर इलेक्ट्रॉनला वळायचं काही कारण नाही, साध्या धातूत फारसं काही व्हायला नको. वाइलच्या पदार्थात मात्र इलेक्ट्रॉनांचे दोन गट असतात, एक डावखुरा आणि एक उजवा, आणि फील्ड व करंट समांतर असले की एका गटातले इलेक्ट्रॉन दुसऱ्या गटात ढकलले जातात, जसं एका विहिरीत पंप टाकून पाणी शेजारच्या विहिरीत सोडावं तसं. ते परत यायला वेळ लागतो, तोवर जास्तीचा करंट वाहून घेतो, म्हणून रेझिस्टन्स कमी होतो. फील्ड वाढवा, रेझिस्टन्स खाली. याला कायरल ॲनोमली म्हणतात. मूळ गोष्ट 1969 ची, ॲडलर, बेल आणि जॅकिव यांची, पार्टिकल फिजिक्सवाल्यांची, आणि ती क्रिस्टलमध्ये दिसू शकेल असं निल्सन आणि निनोमिया यांनी 1983 मध्येच म्हणून ठेवलेलं. म्हणजे मला एक खाली जाणारी रेघ हवी होती. आता कळतं की अमुकच रेघ हवी असं मनात धरून मोजायला बसणं हीच पहिली चूक होती, पण पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे कोण कुणाला सांगणार आणि सांगितलं तरी कोण ऐकणार.

क्रिस्टल वाढवण्यात आठ महिने गेले. नायोबियमची पावडर आणि लाल फॉस्फरस क्वार्ट्झच्या नळीत टाकायचा, पंपाने हवा काढायची, ज्योतीवर नळी वितळवून बंद करायची, आणि भट्टीत ठेवून हळूहळू तापवायची. आधी नुसती पावडर होते, मग तीच पावडर दुसऱ्या नळीत चिमूटभर आयोडीन टाकून परत भट्टीत, एक टोक 850 अंशाच्या आसपास आणि दुसरं 950 च्या, आणि दोनतीन आठवडे हात लावायचा नाही. आयोडीनची वाफ एका टोकाचं सामान उचलून दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवते आणि तिथे क्रिस्टल उगवतात. माझी चौथी नळी रात्री फुटली. लाल फॉस्फरस घाईने तापवला की त्याची वाफ एकदम वाढते, हे मला माहीत होतं, वहीत लिहिलेलं पण होतं, तरी सुट्टीला घरी जायचं म्हणून मी रॅम्प, म्हणजे तापवायचा वेग, ताशी 30 अंशांच्या ऐवजी 100 ठेवला. सकाळी भट्टीचं तोंड पांढऱ्या धुराने माखलेलं आणि आतली सिरॅमिकची नळी पण गेलेली. कुणाला लागलं नाही, नशीब. घरी गेलेच नाही, भट्टी साफ करत बसले.

सातव्या नळीत क्रिस्टल आले. टोकाला चिकटलेले, चौकोनी तोंडाचे, मायक्रोस्कोपखाली आरशासारखे. ते बघून झालेला आनंद पुढे कुठल्याच ग्राफने दिला नाही, खरंच सांगते.

आता कॉन्टॅक्ट. पेपरमध्ये याच्यावर एक ओळ असते, "सिल्व्हर पेस्टने चार कॉन्टॅक्ट केले", आणि त्या एका ओळीत माणसाचं आयुष्य जातं. क्रिस्टल वायर सॉने कापून घासून पट्टीसारखा केलेला, दीड मिलिमीटर लांब, अर्धा रुंद, जाडी 0.3. त्याच्यावर सोन्याची 25 मायक्रॉनची तार चिकटवायची, म्हणजे आपल्या केसापेक्षा बारीक. चार तारा: बाहेरच्या दोन करंटसाठी, आतल्या दोन व्होल्टेजसाठी. दोनच तारांनी मोजलं तर तारेचा आणि पेस्टचाच रेझिस्टन्स येतो, तो काही ओहम, आणि माझ्या खड्याचा 2 केल्विनला निघाला 70 मायक्रोओहम. म्हणजे दागिना तोलायला बसलो आणि तराजूवर हत्ती उभा. म्हणून चार. पेस्ट लावायला आमच्याकडे ब्रश नव्हता, लॅबमधल्या ताईने (सिनियर, सगळे तिला ताईच म्हणायचे) टूथपिकला एक पापणीचा केस चिकटवून दिला होता, तोच दोन वर्षं वापरला. पंखा बंद, एसी बंद, श्वास रोखून. पेस्ट पातळ झाली तर पसरते आणि दोन कॉन्टॅक्ट एक होतात, घट्ट झाली तर धरत नाही. खाली सिगरेटचा कागद वार्निशने चिकटवायचा, खडा पकला, म्हणजे तो बसवायच्या धातूच्या चकतीला, शॉर्ट होऊ नये म्हणून. आमच्या लॅबमध्ये कुणीच ओढत नव्हतं, त्यामुळे टपरीवर जाऊन नुसता कागद मागताना टपरीवाला माझ्याकडे कसा बघायचा ते विचारू नका.

अकराव्या सॅम्पलचे चारही कॉन्टॅक्ट पहिल्याच फटक्यात जमले. व्होल्टेजचे दोन ठिपके जरा कडेला पडले होते, मधोमध नव्हते, आणि करंटचे ठिपके पण टोकाच्या तोंडावर भरून नव्हते, वरच्या पृष्ठावर नुसती टिंबं. पण रेझिस्टन्स छान, स्थिर. मी म्हटलं चालतंय. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हेलियम. खडा 2 केल्विनपर्यंत न्यायचा म्हणजे द्रवरूप हेलियम पाहिजे, तो उकळतो 4.2 ला आणि वरून पंप करून आणखी खाली नेतात, आणि मॅग्नेटची सुपरकंडक्टिंग कॉइल त्याच्यातच बुडालेली असते. हेलियम आपल्या देशात बाहेरूनच येतो. जून 2017 मध्ये कतारची शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली, तिथले हेलियम प्लांट काही दिवस बंद पडले, आणि आमच्याकडे सप्लायरने हात वर केले, पाठोपाठ 1 जुलैला जीएसटी आला आणि परचेसची फाइल नव्या फॉर्मसाठी परत फिरली. आखातातलं राजकारण आणि माझा दीड मिलिमीटरचा खडा यांचा संबंध असेल असं मला स्वप्नात वाटलं नव्हतं. आमच्या हेलियम प्लांटवरचे काका म्हणायचे, "तुम्ही विजयदुर्गकडच्या ना, मग हेलियम तुमच्याच गावचा." मी देवगड तालुक्यातली, त्यामुळे हे लहानपणापासून ऐकलंय, 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाला साहेब किल्ल्यावर आला, ओटे बांधले, हेलियम शोधला. पण तो साहेब म्हणजे लॉकियर तेव्हा इंग्लंडातच होता, आणि ग्रहण बघायला आलेला फ्रेंच जान्सेन गुंटूरला. मी काकांना एकदा सांगितलं, ते नाराज झाले. मग परत नाही सांगितलं, ड्यूअर, म्हणजे हेलियमचा थर्माससारखा पिंप, त्यांच्याच हातात होता.

शेवटी नोव्हेंबरमध्ये मला मशीनवर सलग पाच दिवस मिळाले. पीएचडीवाल्यांना कळेल, पाच दिवस म्हणजे पाच रात्री धरून. खोलीच्या तापमानाला सॅम्पलचा रेझिस्टन्स 2.8 मिलिओहम, 2 केल्विनला 70 मायक्रो, म्हणजे 40 पट कमी. जितकी पट जास्त तितका क्रिस्टल शुद्ध. वाईट नाही, ड्रेस्डेनइतकं नाही. करंट 3 मिलिॲम्पिअर, म्हणजे व्होल्टेज 200 नॅनोव्होल्टच्या आसपास, ते मेन्सच्या 50 हर्ट्झच्या गोंगाटात हरवून जाणार, म्हणून लॉक-इनने, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीचा सिग्नल वेचून काढणाऱ्या यंत्राने, 17.77 हर्ट्झवर मोजायचं, 50 च्या कुठल्याच पाढ्यात न येणारा आकडा. फील्ड सेकंदाला 50 ओर्स्टेडने (दहा हजार ओर्स्टेड म्हणजे एक टेस्ला), उणे 9 ते अधिक 9 टेस्ला जायला बरोबर एक तास. उणे आणि अधिक दोन्ही का, तर व्होल्टेजचे ठिपके कधीच अगदी समोरासमोर नसतात, त्यामुळे हॉल व्होल्टेज, म्हणजे फील्डमुळे करंटच्या आडव्या अंगाला तयार होणारं व्होल्टेज, त्यात मिसळतं. हॉलचं चिन्ह फील्डबरोबर बदलतं, मॅग्नेटोरेझिस्टन्सचं (फील्डमुळे बदललेल्या रेझिस्टन्सचं) नाही, मग दोन्हीची सरासरी काढली की हॉल निघून जातो. एडविन हॉलने हा परिणाम 1879 मध्ये सोन्याच्या वर्खावर पकडला होता, लॉक-इन नाही, हेलियम नाही. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटतं.

पहिल्या रात्री आडवी फील्ड. 9 टेस्लाला रेझिस्टन्स 600 पट, म्हणजे 60 हजार टक्के. आणि त्या चढणाऱ्या रेघेवर लाटा! शुबनिकोव्ह-डी हास ऑसिलेशन, 1930 मध्ये लायडनला बिस्मथमध्ये दिसले तेच. फील्डच्या उलट्या आकड्यावर, म्हणजे एक भागिले बी वर प्लॉट केलं की लाटा समान अंतरावर येतात, आणि त्यावरून इलेक्ट्रॉनांच्या कक्षेचं क्षेत्रफळ मिळतं. पाच केल्विनला लाटा जरा लहान, दहाला आणखी लहान, त्या उतरण्यावरून इलेक्ट्रॉनचं परिणामी वस्तुमान, म्हणजे क्रिस्टलच्या आत तो जेवढा जड असल्यासारखा वागतो तेवढं. हे सगळं सुतासारखं सरळ गेलं. ह्या भागावर आजही मला एक शब्द बदलावासा वाटत नाही.

तिसऱ्या रात्री रोटेटरने खडा फिरवला, फील्ड करंटला समांतर. अगदी समांतर पाहिजे, एकदोन अंश चुकलं तरी तो 600 पटवाला आडवा भाग आत शिरतो. अर्ध्या अंशाच्या पायऱ्यांनी फिरवत फिरवत रेझिस्टन्स सगळ्यात कमी कुठे येतो ते शोधलं, तिथे थांबले, आणि स्वीप चालू केला. पहाटेचे साडेतीन. एक टेस्लापर्यंत रेघ किंचित वर, आणि मग वळली, आणि खाली, खाली, खाली, 9 टेस्लाला सुरुवातीच्या एकपंचमांश. मी खुर्चीवरून उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. कुणाला सांगायचं कळेना. बाहेर वॉचमनकाका होते, त्यांना म्हटलं काका आलं, ते म्हणाले काय आलं, म्हटलं काही नाही, आणि दोघांनी त्यांच्या थर्मासमधला चहा घेतला.

पुढचे दोन आठवडे मी हवेत. स्लाइड झाल्या, पेपरचा मसुदा झाला, टायटलमध्ये कायरल ॲनोमली. सर खूश, पण एक गोष्ट त्यांना खटकत होती, एकपंचमांश म्हणजे जरा जास्तच. तेव्हा ताई, जी दुसऱ्याच मटेरियलवर होती आणि थीसिस लिहीत होती, ती ग्रुप मीटिंगमध्ये मागून म्हणाली, "कॉन्टॅक्टचा फोटो दाखव ना गं."

दाखवला. ती बराच वेळ बघत बसली, मग म्हणाली, जेटिंग असेल.

करंट जेटिंग. ब्रिटिश फिजिसिस्ट पिपर्डने हे फार आधी सविस्तर मांडून ठेवलेलं आणि ड्रेस्डेनच्याच लोकांनी 2016 मध्ये टँटलम फॉस्फाइडसाठी परत दाखवलेलं. तो पेपर माझ्या फोल्डरमध्ये होता. डाउनलोड केलेला, न वाचलेला. गोष्ट अशी की फील्डच्या दिशेने जाणाऱ्या करंटला अडथळा नाही पण आडव्या दिशेला मात्र रेझिस्टन्स 600 पट. मग करंट आजूबाजूला पसरेल कशाला, तो जिथून सोडला तिथून फील्डची रेघ धरून सरळ समोर जातो, होजपाइपला बोट लावल्यावर पाण्याची धार जाते तसा. गणितात बघायचं तर खडा आडव्या अंगाने 600 च्या वर्गमुळाइतका, म्हणजे जवळजवळ 25 पट ताणल्यासारखा वागतो. माझी दीड मिलिमीटर लांब, अर्धा मिलिमीटर रुंद पट्टी करंटच्या दृष्टीने झाली दीड मिलिमीटर लांब आणि 12 मिलिमीटर रुंद, आणि त्या एवढ्या रुंद मैदानात मी करंट सोडला दोन टिंबांतून आणि व्होल्टेज मोजलं कडेला, जिथे करंट पोचतच नव्हता. करंट नाही तर व्होल्टेज पण नाही. फील्ड जितकी जास्त तितकी धार बारीक, कडेचं व्होल्टेज कमी, आणि माझी रेघ खाली. ॲनोमली नाही, डावखुरे-उजवे नाही, अकराव्या सॅम्पलवर "चालतंय" म्हणून सोडलेली चार टिंबं.

मी त्या दिवशी कॅन्टीनला गेले नाही. राग ताईचा आला, खोटं कशाला बोलू. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच टूथपिक घेऊन माझ्या टेबलाशी आली, म्हणाली चल सहा कॉन्टॅक्ट करू.

सहा. त्याच खड्यावर, जुनी पेस्ट ॲसिटोनने धुऊन. दोन करंटचे मुद्दाम आधीसारखेच टिंब, दोन व्होल्टेजचे करंटच्या सरळ रेषेत मधोमध, म्हणजे कण्यावर, आणि दोन कडेला. अर्ध्या मिलिमीटरच्या रुंदीत दोन ओळी. चार वेळा फसलं. विचार साधा, धार खरंच मध्ये गोळा होत असेल तर कण्यावरचं व्होल्टेज फील्डबरोबर वाढेल आणि कडेचं कमी होईल. ॲनोमली खरी असेल तर दोन्हीकडे कमी होईल. नंतर 2018 मध्ये प्रिन्स्टनच्या ओंग यांच्या ग्रुपने नेमकी हीच कसोटी स्क्वीझ टेस्ट नावाने छापली, त्यात सोडियम बिस्मथाइड आणि गॅडोलिनियम-प्लॅटिनम-बिस्मथ पास झाले. म्हणजे ॲनोमली हे थोतांड नाही हे पण कळलं, फक्त माझ्याकडे ती नव्हती. त्या पदार्थांत मोबिलिटी कमी असल्याने धार उशिरा बनते, नायोबियम फॉस्फाइडसारख्या चपळ पदार्थात ती आधीच सगळं गिळून टाकते. ज्या चपळाईसाठी आम्ही हा खडा निवडला तीच आडवी आली.

फेब्रुवारीत परत मशीन मिळालं, या वेळी दोनच दिवस. दोन लॉक-इन, एक कण्याला एक कडेला, एकाच वेळी. मी आणि ताई दोघी स्क्रीनसमोर. दोन टेस्लापर्यंत दोन्ही रेघा जवळजवळ चिकटून, मग फाकल्या. कण्याची निळी वर, कडेची लाल खाली. सात टेस्लाच्या पुढे लाल रेघ शून्याच्या खाली पण गेली, निगेटिव्ह रेझिस्टन्स! ताई म्हणाली, "आता याला फुकट वीज म्हणून पेटंट टाक."

तिसरं मोजमाप मी एकटीने केलं, करंटचे कॉन्टॅक्ट टोकाच्या सबंध तोंडावर पेस्ट भरून, आणि खडा घासून आणखी अरुंद. खाली जाणं जवळजवळ गेलंच. थोडीशी घट उरली, पाचसहा टक्के, ती ॲनोमलीची की उरलेल्या जेटिंगची हे माझ्या डेटावरून म्हणता येत नव्हतं, आणि तसंच लिहिलं. सरांनी टायटल बदललं. पेपर ऑसिलेशनवर निघाला, अँगल फिरवून कक्षेचा आकार वगैरे, ठीक पेपर, साध्या जर्नलमध्ये. निळ्या-लाल रेघांचा ग्राफ सप्लिमेंटरीत गेला, सहावी आकृती, आणि मला मेल आले ते सगळे त्याच आकृतीबद्दल. दोघातिघांनी कॉन्टॅक्टचे फोटो पाठवून विचारलं की आमचं पण तसंच असेल का. त्यातल्या एकाचे ठिपके माझ्यापेक्षाही कडेला होते.

सॅम्पल अकरा अजून जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये आहे, थीसिससोबत माळ्यावर. तारा तुटल्यात, सिल्व्हरचे सहा डाग दिसतात. पापणीवाली टूथपिक ताई जाताना घेऊन गेली, म्हणाली ही माझी होती.